लिहून देणार

मी, प्रमिला दत्तात्रय तिकोने, वय एकावन्न, धंदा टायपिंग,
राहणार मंगळवार पेठ, पुणे,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
शिवाजीनगर कोर्टाच्या गेटासमोर
जिन्याखाली जो गाळा आहे, तो माझा,
आणि त्यातलं कडेला टेप लावलेलं यंत्रही.

हे यंत्र मी रात्री बंद करत नसे.
बंद केलं की सकाळी उठायला वीस मिनिटं,
आणि दहाच्या आत वकील दारात:
बाई, दोन प्रती. बाई, मार्जिन सोडा.
बाई, सदर इसम नाही, सदर महिला.

मागच्या महिन्यात नेट गोगलगाय झालं.
केबलवाला म्हणाला, लाइन चोख आहे.
मग शेजारचा निहाल आतार आला, मोबाइल दुरुस्त करतो,
गुडघ्यावर लॅपटॉप, तोंडात बडीशेप,
बराच वेळ काही बोललाच नाही.
शेवटी म्हणाला, मावशी,
तुमचं मशीन रात्रपाळी करतंय.

कोणाकडे?
ते त्यालाही दिसेना.
हुकूम येतो, एवढंच. हुकूम आला की हे उठतं
आणि कुणाच्या तरी दारावर थापा मारतं.
आतून "कोण?" विचारलं तर उत्तर देत नाही. परत थाप.
सेकंदाला शेकड्यांनी. आणि हे एकटं नाही,
अशी हजारो, कुणाच्या दवाखान्यातलं,
कुणाच्या पिठाच्या गिरणीतला कॅमेरासुद्धा,
सगळी एकाच दाराशी, एकाच वेळी.
ज्याला खरंच काम असतं
तो मागे राहतो.

माझं काय काय चोरलं, मी विचारलं.
काहीच नाही, तो म्हणाला. तुमचं काहीच गेलं नाही.
हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

ते आत कसं आलं, तेही लिहून देते.
दोन हजार अठराच्या दिवाळीत
एका ज्युनिअरने पेनड्राइव्हवर फॉन्ट आणून दिला,
सात हजारांचा, फुकटात.
फुकट ते पौष्टिक, असं मीच म्हणाले होते.
कुलूप तोडलेला फॉन्ट. तोडणारा
जाताना मागचं दार स्वतःसाठी उघडं ठेवून गेला.
पण त्यातला 'ळ' फार सुरेख होता.
लोकांची नावं, वारस, गहाळ झालेल्या मार्कशीटा,
खऱ्याखोट्या शपथा,
सगळं मी त्या 'ळ'ने लिहिलं.

निहालने एक पत्ता काढून दिला, नुसते आकडे, मधे टिंबं.
हाताशी कागद नव्हता,
बाद झालेल्या स्टॅम्पपेपरच्या पाठीवर उतरवला.
शोधलं तर कुठल्याशा देशातलं एक गाव,
नाव दोघांनाही म्हणता येईना.
तिथलं जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय.
मंगळवारी दिवसभर बंद होतं.

सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.
हे मी ऐकलंय. हे गेले त्या वर्षी
दाखल्यासाठी अकरा वेळा,
खिडकीच्या अलीकडून.
पलीकडचा माणूस मान वर न करता बोलायचा
आणि मला वाटायचं, डाऊन म्हणजे
आपोआपच होत असेल,
जसे गुडघे दुखायला लागतात.

निहालने सगळं पुसलं, सातशे घेतले.
आता मी प्लग काढून घरी जाते.
यंत्र कोरं आहे. 'ळ' साधा आहे.

खाली नेहमीची जागा सोडली आहे:
लिहून देणार यांस मी ओळखतो, म्हणून सही.
वकील हसतात. बाई, हे दाखल कुणापुढे करणार?
त्यांचं बरोबर आहे.

त्या गावची खिडकी एव्हाना उघडली असेल.
रांगेत एखादी बाई,
हातात नवऱ्याच्या नावाचा कागद.
ते नाव मला टाइप करता येणार नाही.
त्या अक्षरांचा फॉन्ट माझ्याकडे नाही.